रशीदभाईंच्या काचेवरचा आळ

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी एका ॲप्रनला जयभीम घातला.

झालं असं, की मला ज्या खोलीत पाठवलं ती भर दुपारी बारा वाजता काळीकुट्ट होती. कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा एक तांबडा दिवा, बाकी सगळा अंधार. थोड्या वेळानं समोर माणसाएवढं काहीतरी पांढुरकं उभं दिसलं. हेच आमचे साहेब, पतंगे सर, असं समजून मी पाय जुळवले आणि खणखणीत जयभीम घातला. उत्तर नाही. मला वाटलं, उशिरा आलो म्हणून रागावले. मग मी झरीहून येणारी बस कशी बंद पडली ते सांगितलं. तरी उत्तर नाही, म्हणून बायकोला ताप असल्याचंही सांगून टाकलं. ती त्या वेळी झरीच्या शाळेत ठणठणीत शिकवत होती.

तेवढ्यात पाठीमागच्या स्टुलावरून आवाज आला, ‘‘वाव्हळे, थापा मारायच्या तर माणसासमोर माराव्यात. ॲप्रनला लगेच पटतं.’’

तेव्हापासून मी अंधारात दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेऊ लागलो. आमच्या धंद्यात तो गुण मानतात. पुढं मी तो इतका वाढवला की एका भल्या माणसाचं अन्न त्यापायी जाता जाता राहिलं. ती हकिगत सांगायलाच हे लिहायला बसलोय. पण त्याआधी आम्ही तिथं काय करत होतो ते सांगायला हवं, कारण मी बारा वर्षं तिथं काढली तरी माझ्या सख्ख्या मेहुण्याला वाटतं की मी बल्बच्या कारखान्यात आहे.

मी मूळचा टीव्ही दुरुस्त करणारा. जाडजूड पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेले, भिंतीला टांगायचे पातळ टीव्ही आले, आणि माझ्या दुकानात गिऱ्हाइकापेक्षा माश्या जास्त झाल्या. पतंगे सर एका लांबच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आपल्या गावी, परभणीला परत आले होते. औद्योगिक वसाहतीत त्यांनी दोन हॉल बांधले. अगदी मंद उजेड पकडणारी नळी इथंच तयार करायची असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांना हाय व्होल्टेजला न घाबरणारा माणूस हवा होता. मी घाबरायचो, पण सवय होती.

ही नळी म्हणजे काचेचा एक बंद डबा, साधारण पाणी प्यायच्या फुलपात्राएवढा. आतली हवा सगळी काढून टाकलेली. पुढच्या काचेच्या आतल्या अंगाला पोटॅशियम, सीझियम असल्या धातूंचा थर, इतका पातळ की त्याला धातू म्हणायची लाज वाटावी. उजेडाचा एक कण त्यावर आपटला की तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो. खळ्यावर कणसाला मोगरी बसली की दाणा उडतो ना, तसा. त्याला हजारो व्होल्ट लावून मागच्या पडद्याकडं ओढायचं. पडद्यावर एक चूर्ण फासलेलं असतं. इलेक्ट्रॉन त्यावर जोरात आदळतो आणि एक हिरवा ठिपका चमकतो. असे पुष्कळ ठिपके जागच्या जागी पडले की चित्र तयार होतं. वाटेत इलेक्ट्रॉनांच्या रांगा एकमेकींत घुसू नयेत म्हणून आत धातूची कडी असतात. आमच्या नळीत चित्र उलटं पडायचं, डोकं खाली पाय वर, पण पडायचं. जिथं आपल्याला आपला हात दिसत नाही, तिथं त्या नळीला झाडाच्या पानातून निघणारा उजेडसुद्धा दिसतो. पानातून उजेड निघतो हे मला चाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं.

आणि ही नळी जन्माची नाजूक. आतला थर पाण्याच्या वाफेनं मरतो, बोटाच्या ठशानं मरतो, कुणी जवळ उभं राहून बोललं तर थुंकीच्या तुषारानं मरतो. त्यामुळं आम्ही सगळ्यांवर संशय घ्यायचो. डोक्याला तेल लावलंय का? शेंगदाणे खाऊन हात धुतले का? पंपाच्या तेलावर संशय, वीज मंडळावर संशय, कारण नळी भट्टीत असताना वीज गेली की दोन दिवसांची मेहनत गेली. सर तर आरशातल्या स्वतःकडंही जरा संशयानंच बघायचे, असं मला वाटायचं.

गावाचा आमच्यावर संशय होता तो निराळाच. खिडक्या नसलेला हॉल, काळे पडदे, आत तांबडा दिवा, आणि काय करता विचारलं की तिघंही तीन उत्तरं देणार. एकदा वालूरचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचं धोतर, खिशाला दोन पेनं, हातात नारळ.

‘‘अंधारातलं दिसतं म्हणे तुमच्या मशीनीत?’’

‘‘दिसतं.’’

‘‘मंग जमिनीतलं?’’

गुप्तधनाची भानगड आहे हे माझ्या ध्यानात आलं. मी म्हणालो, ‘‘जमिनीतलं दिसत नाही, काका.’’

‘‘किती हातापर्यंत दिसत न्हाई?’’

‘‘एक इंचसुद्धा नाही.’’

ते समजूतदारपणे हसले. ‘‘बरोबर हाय. कोन सांगंल?’’ म्हणाले, आणि जाता जाता आमच्या फरशीवर टाच आपटून आवाज पोकळ येतो का ते बघून गेले. नारळ मात्र परत घेऊन गेले.

त्यामानानं जिंतूरकडचे एक मेंढरंवाले मामा आले ते खरे जाणकार. लांडगा बघायला दुर्बीण मिळंल का, विचारत होते. आम्ही असलं काही विकत नाही असं सांगितल्यावर थोडा वेळ नळी न्याहाळून म्हणाले, ‘‘ह्याच्यात लांडगा दिसंल आमाला. पन लांडग्याला तर आमी असंच दिसायलोत ना? मंग बरोबरीच झाली की.’’ एवढं नेमकं आमच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. सरांनी त्यांना चहा पाजला.

आता रशीदभाई.

नळीचा काचेचा डबा कुठं तयार मिळत नसे. तो फुंकून करावा लागे आणि ते काम रशीदभाईंचं. वय साठीच्या आसपास, दाढी पांढरी, गाल मात्र तरण्या पैलवानासारखे. हैदराबादला मामाच्या हाताखाली शिकलेले. आधी कॉलेजांच्या प्रयोगशाळांची काचसामग्री करायचे. तोंडात रबरी नळी धरून, ज्योतीपुढं काच फिरवत ते फुंकायला लागले की आम्ही काम टाकून बघत उभे राहायचो. काच त्यांच्या हातात मधासारखी लोंबायची आणि नेमकी जिथं थांबायला पाहिजे तिथं थांबायची.

‘‘मिलिंदभाई,’’ ते मला म्हणायचे, ‘‘आदमी छुपाता, काच न्हाई छुपात. तापवली की पोटातलं सगळं सांगती.’’

दर शुक्रवारी ते अत्तर लावून यायचे, म्हणून सरांनी शुक्रवारी त्यांना जोडणीच्या खोलीत यायला मनाई केली होती. ते दारातूनच ‘‘मेरी खुशबू पर भी शक?’’ असं ओरडून हसायचे. ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा आमच्या घरी, आणि चौदा एप्रिलला आमच्या घरची खीर त्यांच्या घरी. सुनंदा, म्हणजे माझी बायको, आणि त्यांच्या शमीमभाभी यांचं आमच्यापेक्षा जास्त जमायचं.

त्या वर्षी दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेनं आमच्या तीन नळ्या तपासायला मागितल्या. आम्हाला पहिल्यांदाच कुणी बाहेरच्यानं गंभीरपणे विचारलं होतं. अट एकच: अंधारात ठिपके कमी हवेत.

हे ठिपके म्हणजे नळीची थाप. पुढं झाकण लावा, कणभर उजेड नसू द्या, तरी पडद्यावर इथं एक, तिथं एक ठिपका चमकतोच. आतल्या थरातून नुसत्या उष्णतेनं एखादा इलेक्ट्रॉन सुटतो. तेवढं चालतं. तव्यावर ज्वारीची पहिली लाही फुटते, मग जरा थांबून दुसरी, असं हवं. दसऱ्यानंतर आमच्या नळ्यांत लाह्यांचा भडका सुरू झाला. मी तपासणी रोज दुपारी दोनला करायचो. दोनला पडदा ठिपक्यांनी गजबजलेला असायचा, आणि पाच वाजेपर्यंत हळूहळू शांत व्हायचा. दुसऱ्या दिवशी दोनला परत तेच.

सर म्हणाले, ‘‘वाव्हळे, उजेड कुठून तरी शिरतोय.’’

मी दाराच्या फटीत काळं कापड कोंबलं. कुलपाच्या भोकात मेण भरलं. मोबाइल बाहेर, घड्याळ बाहेर. ठिपके तसेच. व्होल्टेजची पेटी बदलली. ठिपके तसेच. मग मी पुस्तकं चाळायला लागलो, आणि अर्धवट वाचणाऱ्याच्या हाती जे लागतं तेच माझ्या हाती लागलं. काही काचांत पोटॅशियम जास्त असतं आणि त्यातलं अगदी थोडं स्वतःहून कण सोडत राहतं. केळ्यातही असतं तसं. त्या कणांनी काच आतल्या आत मिणमिणते आणि नळीला ते दिसतं. म्हणजे काच खराब असली तर ठिपके वाढतात. आणि दसऱ्याच्या सुमारालाच रशीदभाईंनी हैदराबादहून काचेच्या नळ्यांचा नवा गठ्ठा आणला होता!

संध्याकाळी ठिपके कमी का होतात, याचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं. मी तो प्रश्नच सोडून दिला. संशयाला एक माणूस मिळाला की उरलेले प्रश्न जड वाटू लागतात, हे मला आता कळतंय.

मग मला सगळंच दिसू लागलं. रशीदभाई हल्ली जेवणाच्या सुट्टीत एकटेच का बसतात? मी आलो की ज्योत बारीक का करतात? बाकाखाली फडक्यात बांधलेली गठडी कसली? एका शुक्रवारी ते नमाजला गेले आणि मी ती गठडी सोडली. आत काचेचे तुकडे होते, काही एकमेकांना जोडलेले. रंगीत, बारीक, आमच्या काचेहून साफ वेगळे. मला गुप्तधन सापडल्यासारखा आनंद झाला. मी गठडी उचलून सरांच्या टेबलावर ठेवली.

रशीदभाई डोक्यावरची टोपी घडी करत आत आले, आणि टेबलाकडं बघून थांबले.

सर म्हणाले, ‘‘हे काय आहे, रशीदभाई?’’

‘‘मोर है साब. आधा. पिसारा बाकी है. नातीला शाळेत न्यायचाय.’’

‘‘ही काच कुठली?’’

‘‘एका दुकानाच्या जुन्या निऑन पाटीची. फेकून दिलेली.’’

मी मध्ये पडलो, ‘‘म्हणजे दुसरी काच इथं येते. याच ज्योतीवर तापवली जाते. मग आपल्या नळीत काय मिसळतं ते कुणी सांगावं?’’

ते माझ्याकडं वळले. ‘‘गठडी तुमी सोडली?’’

‘‘ट्यूबचा प्रश्न आहे, रशीदभाई.’’

‘‘मंग ट्यूबला इचारायचं. मला इचारायचं. गठडीला काय इचारलं?’’

मी आवाज चढवला. त्या नव्या काचेबद्दल बोललो, केळ्याबद्दलही बोललो. ते ऐकून घेत होते. शेवटी सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘उलगडा होईपर्यंत थोडे दिवस घरी थांबा. डबे बाहेरून मागवून बघतो.’’

रशीदभाईंनी बाकावरची फुंकायची रबरी नळी आणि तोंडात धरायचा तुकडा रुमालात गुंडाळला. ‘‘ये मेरा है साब. बाकी सगळं तुमचं,’’ म्हणाले. मोर टेबलावरच राहिला.

घरी मी सुनंदाला एवढंच सांगितलं की रशीदभाई सुट्टीवर आहेत. ती म्हणाली, ‘‘बरं हाय ना त्यांचं?’’ मी म्हणालो, ‘‘असंल.’’

बाहेरून डबे आले. त्यात नळी तयार केली. दुपारी दोनला मी आत बसलो आणि पडदा बघितला. लाह्या तशाच फुटत होत्या.

त्यावर शहाण्या माणसानं म्हटलं असतं, काच निर्दोष आहे. मी म्हणालो, हे बाहेरचे लोकही तसलेच. त्या दुपारी चहाला सरांनी मला हाक मारली नाही. मला वाटलं, आता त्यांचा संशय माझ्यावर.

मग मार्गशीर्षात तीन दिवस आभाळ आलं. थंडी कमी झाली, हरभऱ्यावर अळी पडंल म्हणून लोक काळजीत, आणि आमची नळी एकदम शहाण्यासारखी वागू लागली. दोन वाजता स्वच्छ काळा पडदा. एखादीच लाही. सर खुश. ‘‘बघा, नवी काच स्थिरावली,’’ म्हणाले. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि दुपारी दोनला ठिपके परत हजर.

ठिपके बघून चरफडत खोलीबाहेर आलो तेव्हाचं सांगतो. माझ्या हातात स्टीलची परात होती आणि परातीत टेफ्लॉनच्या पांढऱ्या बैठका. बैठक म्हणजे तपासताना नळीचं तोंड ज्यात बसवतात ते, झाकणाच्या आत राहणारं कडं. पावसाळ्यात त्या दमट व्हायच्या, हाय व्होल्टेज भलत्याच वाटेनं पळायचं. आमची वाळवणाची पेटी बिघडलेली. तेव्हा मी घरगुती उपाय काढला होता. आपल्याकडं डाळीला, गव्हाला, गाद्यांना, लोणच्याच्या बरणीला, सगळ्यांना ऊन दाखवतात. ऊन दाखवलं की वस्तू शुद्ध होते, यावर माझा लहानपणापासून पक्का विश्वास. दसऱ्यानंतर ऊन मोकळं पडायला लागलं तसं मी रोज अकरा वाजता परात गच्चीवर ठेवायचो, कावळ्यांसाठी वर जाळी टाकायचो आणि दोनला ती उचलून थेट अंधारखोलीत न्यायचो. पावसाळा संपला तरी सवय सुटली नव्हती. नळीला उजेड दाखवायचा नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बैठकीला दाखवायचा नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची वेळ येईल असं सरांच्या स्वप्नातही आलं नसणार.

आभाळ आलेल्या तीन दिवसांत मी परात वर नेलीच नव्हती.

मी आत गेलो, दार लावलं. तपासायच्या नळीला काळ्या, कधी ऊन न बघितलेल्या जुन्या बैठकीत बसवलं, आणि नळीपुढं चित्र पाडायला जे भिंग लावतात, त्याच्यासमोर परातीतली एक रिकामी बैठक धरली. पडद्यावर एक गोल कडं उमटलं. हिरवं, शांत, चंद्राला खळं पडतं तसं. ती पांढरी वस्तू तीन तासांचं ऊन पिऊन बसली होती आणि आता थेंब थेंब बाहेर सोडत होती. आमच्या डोळ्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. नळीला दिसत होतं. तिनं थाप मारलेलीच नव्हती. ती रोज दोन वाजता इमानानं सांगत होती की इथं उजेड आहे.

कड्यावर एक काळी खूण होती. बैठका ओळखू याव्यात म्हणून मी त्यांच्यावर काळ्या शाईनं आकडे घातले होते. शाई चकाकत नव्हती, त्यामुळं पडद्यावर काळा आकडा उठून दिसत होता. तीन. उलटा पडलेला, पण अक्षर माझंच.

शोध लागल्याचा आनंद पहिली दोन मिनिटं झाला, हे कबूल करतो. मग दुसरा विचार आला, आणि तोही कबूल करतो: हे कुणालाच माहीत नाही. उद्यापासून परात वर न्यायची नाही. ठिपके थांबतील. बाहेरच्या काचेला श्रेय मिळेल, तीन नळ्या दक्षिणेला जातील, आणि मिलिंद वाव्हळे यांचं नाव निघालं तर चांगल्या अर्थानंच निघेल.

दोन दिवस मी तसाच राहिलो. बैठका कपाटात ठेवल्या. पडदा काळा. तिसऱ्या दिवशी सर हात चोळत म्हणाले, ‘‘काचेचंच होतं बघा. तुमचा संशय बरोबर निघाला. आता रशीदभाईंची ज्योत आणि भट्टी काढून टाकू, जागा मोकळी होईल. तुम्हीच निरोप द्या त्यांना, तुमचे घरचे संबंध आहेत.’’

शाबासकी मिळाली की माणसाला बरं वाटतं. मला वाटलं नाही. मी सरांना हाताला धरून अंधारखोलीत नेलं. दाखवायला बैठक आधीपासून उन्हात ठेवलेली नव्हती. वर जाऊन, तासभर उन्हात ठेवून, मग आणली. तो तासभर सर तिथंच खुर्चीत बसून राहिले. पडद्यावर कडं दिसताच ते पुढं वाकले.

‘‘हा आकडा कुणी घातला?’’

‘‘मी.’’

‘‘वर कुणी नेल्या?’’

‘‘मीच. रोज.’’

‘‘आणि हे कधी कळलं?’’

‘‘परवा, सर.’’

अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हे माझं नशीब. ‘‘तुम्ही आळ घेतलात,’’ ते म्हणाले, ‘‘पण घरी मी पाठवलं. बारा वर्षांत त्या माणसाची एक काच तडकली नव्हती, हे मला आठवायला हवं होतं. तुम्ही आज जा. मी उद्या जातो.’’

मोर फडक्यात गुंडाळून मी रशीदभाईंच्या घरी गेलो. ते ओट्यावर उन्हात बसले होते, शाल पांघरून. मला बघून उठले नाहीत, पण शेजारची खुर्ची पायानं पुढं सरकवली. मी सगळं सांगितलं. गच्ची, परात, जाळी, कावळे, दोन दिवस गप्प बसलो तेही. ऐकता ऐकता ते मधेच म्हणाले, ‘‘कावळ्यासाठी जाळी?’’

‘‘हो.’’

‘‘कावळा टेफ्लॉन खातो?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘अल्ला,’’ ते म्हणाले आणि हसले. पण हसू लगेच आवरलं. ‘‘पंधरा रोज घरी बसलो, मिलिंदभाई. मोहल्ल्यात सांगितलं, तबियत बरी न्हाई. बारा साल एक दिवस नागा न्हाई केला, लोकांला खरं वाटलं. केळी घेऊन बघायला आले. मी भला-चंगा माणूस चादर ओढून पडून ऱ्हायचो.’’

मी मोर पुढं केला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला. ‘‘अब क्या पिसारा,’’ म्हणाले. ‘‘पोरीनं शाळेत कागदाचा दिला.’’

चहा आला. मी तो घाईनं प्यायलो, जीभ भाजली.

‘‘येतो उद्या,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘पन एक शर्त. बारा साल मी नळी फुंकली. तुमी आत बसून रोज बघता. मला एक बार बी कुनी दाखवलं न्हाई, आत काय दिसतं ते. साब म्हनायचे अत्तर, तुमी म्हनायचे तेल. मला बघायचंय.’’

मी शर्त मान्य केली. बारा वर्षांत आमच्या कुणाच्याच मनात हे आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. रशीदभाई अंधारात पंधरा मिनिटं स्टुलावर बसले, डोळे सरावू दिले. आधी मी त्यांना माझं हिरवं कडं दाखवलं.

‘‘हा तीन तुमचा?’’

‘‘माझा.’’

‘‘अक्षर बी बरं न्हाई.’’

मग मी ती बैठक बाजूला केली, आणि दसऱ्यानंतरच्या त्यांच्याच काचेतली नळी लावून झाकण बंद केलं. पडदा काळा. कुठंतरी लांब एक ठिपका चमकला. बऱ्याच वेळानं दुसरा. ते वाकून बघत होते, श्वाससुद्धा जपून घेत होते, जणू फुंकर लागून काही विझेल.

‘‘ही माझी?’’

‘‘तुमची.’’

‘‘साफ है,’’ ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

त्या संध्याकाळी मी घरी हलका होऊन गेलो. सुनंदा वह्या तपासत बसली होती. इतके दिवस दडवलेलं सगळं मी तिला पहिल्यापासून सांगितलं. कडं कसं दिसलं, सर काय म्हणाले, रशीदभाई कसे हसले, ‘साफ है’ म्हणाले ते तर दोनदा. सांगता सांगता मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटू लागलं होतं. कबूल करायला धाडस लागतं, वगैरे.

तिनं लाल पेनाला टोपण लावलं.

‘‘काल तिथं चहा कोनी आणला?’’

‘‘सुनेनं.’’

‘‘आणि भाभी?’’

मी आठवून बघितलं. भाभी दिसल्याच नव्हत्या. आतून भांड्यांचा आवाज मात्र येत होता.

‘‘पंधरा दिवस रशीदभाई चादर घेऊन पडले,’’ ती म्हणाली. ‘‘आणि केळी घेऊन येणाऱ्या बायकांसमोर खोटं कोन बोललं? कोनता डॉक्टर, कोनती गोळी, कधी बरं वाटंल, हे सगळं कोन सांगत बसलं? त्यांना काय म्हणालात तुमी?’’

मी काही म्हणालो नव्हतो.

‘‘उद्या शाळा सुटली की मी जाते भाभीकडं,’’ ती म्हणाली, आणि पुढची वही उघडली. ‘‘तुमी येऊ नका. तुमी आलात की परत त्या हिरव्या कड्याचंच सांगत बसताल.’’